अकरा फायलींतली सात वर्षांची मुलगी

विशेष शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक मोठं मशीन, एक छोटं मशीन, स्पायरल बाइंडिंगचा पंच आणि उरलेल्या जागेत झेरॉक्सकाका. काकांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, पण ते फक्त वीजबिलावर वापरलं जातं. जाड चष्मा, खिशाला दोन पेनं आणि बोटांना कायमची काळी शाई असा हा साधा माणूस. पण समोरच्या कॉलेजात त्यांना एक पद होतं, आणि ते त्यांना दुकानाहूनही प्यारं होतं. काका तिथले सरावाचे पालक होते.

त्याचं असं झालं. विशेष मुलांना शिकवायचं तर त्यांच्या घरच्यांशीही नीट बोलता आलं पाहिजे, हे कुणा शहाण्या माणसाने अभ्यासक्रमात घालून ठेवलं होतं. घालणाऱ्याचं काय जातं? दर वर्षी चाळीस विद्यार्थ्यांशी बोलायला घरचे आणायचे कुठून? खरे पालक आपापल्या कामाला जुंपलेले. त्यांना बोलावलं तर ते येत नाहीत, आणि आले तर मुलाच्या शाळेचं, औषधाचं, बसचं विचारत बसतात. सरावाला त्यांचा काही उपयोग नाही.

अकरा वर्षांपूर्वी हा विषय शिकवणाऱ्या मॅडम प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला दुकानात आल्या. कॉलेजात त्यांना पालकमॅडमच म्हणतात. काउंटरखाली एक सात वर्षांची मुलगी रद्दी कागदांचे गठ्ठे लावत बसली होती.

"तुमची का हो?"

"हो. छोटी. जरा हळू आहे ती. बोलायला, शिकायला..."

"बौद्धिक दिव्यांग?"

"डॉक्टर तसंच म्हणतात."

"अरे वा!" मॅडमचा चेहरा उजळला. "अहो, मग तुम्ही आम्हाला हवेच आहात!"

छोटीबद्दल ऐकल्यावर लोक हळहळत, गप्प होत किंवा कुठल्यातरी डॉक्टरचा पत्ता देत. इतका आनंद तोवर कुणालाच झाला नव्हता. काका तिथल्या तिथे विरघळले.

तेव्हापासून दर वर्षी काका पहिल्या मजल्यावरच्या सरावखोलीत जाऊन बसत. खोलीत दोन खुर्च्या, मध्ये तिरकं टेबल, टेबलावर टिश्यूपेपरचा डबा. भिंतीपाशी मॅडम गुणांचा तक्ता मांडीवर घेऊन बसलेल्या. विद्यार्थ्याने किंचित पुढे झुकायचं, दोन गुण. 'मी समजू शकते' असं म्हणायचं नाही, कारण समजत नसतं. 'मला ऐकायला आवडेल' असं म्हणायचं, तीन गुण. प्रश्न विचारल्यावर आठ सेकंद गप्प राहायचं, त्याचे दोन. आणि पालक 'व्यक्त झाले', म्हणजे सोप्या भाषेत रडले, तर त्याचे थेट पाच.

काकांना हा तक्ता पाठ झाला होता. कुणाला पाच द्यायचे हे तेच ठरवत. विद्यार्थी घाबरलेला असला तर काका आधी खिडकीबाहेर बघत, मग चष्मा काढत, मग त्यांचा आवाज असा काही दाटून येई की मॅडमसुद्धा पेन थांबवत. आगाऊ विद्यार्थ्याला मात्र ते दगडासारखे कोरडे राहत. बाहेर पडताना चहा, दोन बिस्किटं आणि "काका, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं?" हे वाक्य ठरलेलं. घरी एवढं कौतुक कोण करणार? घरी छोटीची आई होती. ती पोस्टात पत्रं निवडून निवडून दमून यायची आणि काकांनी 'तुला आज कसं वाटतंय, मला ऐकायला आवडेल' म्हटलं की कपाळाला हात लावायची.

"अहो, ते कॉलेजातलं मला नका ऐकवू. पाणी तापत ठेवलंय का, तेवढं सांगा."

सरावाचा दुसरा भाग म्हणजे फाईल. पालकांशी बोलून झालं की विद्यार्थ्याने मुलाला तीनदा भेटायचं, बघायचं, लिहायचं आणि चाळीस पानांचा अभ्यास बांधून द्यायचा. प्रत्येकाला एकेक मूल नेमून दिलेलं; छोटी म्हणजे 'केस क्रमांक चार'. पहिल्या वर्षीच्या विद्यार्थिनीने हे सगळं मनापासून केलं. पण तिची फाईल बांधायला आली काकांकडेच, आणि तिची एक प्रत राहिली काकांच्या कपाटात. पुढच्या वर्षी केस चार ज्याच्या वाट्याला आली, तो काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "काका, मागच्या वर्षीची आहे का हो? नुसती बघायला."

काकांना नाही म्हणणं कधी जमलं नाही. चाळीस पानं, दोन्ही बाजूंनी, पाच मिनिटांत हातात. त्या वर्षीही मुलगी सात वर्षांची होती. त्याच्या पुढच्या वर्षीही. समोरचे दोन दात पडलेले, लाल चेंडू आवडतो, वय विचारल्यावर सांगता येत नाही. अकरा वर्षांत त्या मुलीला दात आले नाहीत, आणि चेंडूचा कंटाळाही आला नाही. अकरा शिक्षक तिच्यावर पास होऊन निरनिराळ्या शाळांत रुजू झाले. अकरांपैकी दहांनी तिला पाहिलेलं नव्हतं.

काका त्या फायली वाचायचे, नाही असं नाही. पण फक्त शेवटची चार पानं. तिथे त्यांच्याविषयी लिहिलेलं असायचं: 'पालक सहकार्यशील, भावनिकदृष्ट्या परिपक्व'. एकाने 'विलक्षण परिपक्व' लिहिलं तेव्हा काकांनी त्याला बाइंडिंगला पारदर्शक कव्हर फुकट घातलं. छोटीविषयीची छत्तीस पानं त्यांनी कधी उघडली नाहीत. तिच्याबद्दल मला आणखी काय कळायचंय, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता हो. फक्त पालक असण्यात इतका तरबेज झाला होता की बाप असण्याला सवड उरली नव्हती.

इकडे खरी छोटी वाढत होती. ती काकांपेक्षा चार बोटं उंच झाली. सतराव्या वर्षी तिची शाळा संपली, आणि गेलं वर्षभर ती दुकानात स्टुलावर बसून रद्दी लावत होती. गिऱ्हाईक तिच्याशी बोललं की उत्तर काका देत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की गिऱ्हाईकंही तिच्याकडे बघून प्रश्न विचारत आणि काकांकडे बघून उत्तर ऐकत.

मग एक दिवस छोटीची आई पोस्टातून बातमी घेऊन आली. समोरच्याच कॉलेजात कामाचा वर्ग सुरू होत होता. दोन वर्षांचा. घड्या घालणं, बाइंडिंग, पॅकिंग, एकटीने बसने जाणं-येणं, आणि शेवटी एखाद्या छापखान्यात किंवा औषधांच्या गोदामात नोकरी. जागा बारा. अट एकच: प्रवेशाच्या दिवशी वय सोळाच्या वर आणि अठराच्या आत हवं. छोटीला अठरा पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते.

"हा वर्ग हुकला तर ती जन्मभर त्या स्टुलावर," छोटीची आई म्हणाली. "आपण नसलो की त्या स्टुलावरसुद्धा नाही. उद्याच्या उद्या जा."

काका हसतच गेले. आपलंच कॉलेज, आपलीच माणसं. कसला अर्ज अन् कसलं काय!

हेडक्लार्कनी अर्ज घेतला, कपाट उघडलं आणि त्यांचा चेहरा लांबला. "काका, इथे वय सतरा लिहिलंय. आमच्या रेकॉर्डला मुलगी सात वर्षांची आहे."

"ते जुनं असेल."

"मागच्याच वर्षीचं आहे. त्याच्या मागच्या वर्षीही सातच. एकदम दहा वर्षांनी कशी वाढली?"

"हा जन्माचा दाखला बघा ना."

"दाखला एक आहे, काका. फायली अकरा आहेत. शिवाय दाखला बाहेरचा, फायली आपल्या. प्रत्येकीवर मॅडमची सही."

"मुलीलाच समोर आणून उभी करतो!"

"करा की. पण उभ्या माणसाची नोंद कुठे घ्यायची? तसा रकाना नाही." हेडक्लार्क वाईट वाटून म्हणाले. वाईट त्यांना मनापासून वाटत होतं; त्याचा कामावर परिणाम होऊ द्यायचा नाही एवढंच त्यांचं तत्त्व.

खरं काय ते सांगावं, तर अकरा शिक्षकांच्या पदव्या, मॅडमच्या अकरा सह्या आणि स्वतःच्या मशीनची करामत, सगळंच चव्हाट्यावर येणार. न सांगावं, तर छोटी स्टुलावर. छोटीची सात वर्षं त्यांनीच तर छापली होती, दोन्ही बाजूंनी.

ते पालकमॅडमकडे गेले. सगळं ऐकून मॅडमचा रंग उडाला. त्यांनी आठ सेकंद मौन पाळलं, पण या वेळी गुणांसाठी नव्हे.

"बारावी फाईल करू," शेवटी त्या म्हणाल्या. "यंदाची केस चार. ताजी भेट, ताजं वय. दहा दिवसांत. जुन्याबद्दल कुठे बोलू नका."

"कुणाकडे आहे यंदा केस चार?"

मॅडमनी यादी बघितली आणि सुस्कारा सोडला. "गणिताच्या बाईंकडे."

काकांनीही सुस्कारा सोडला. या बाई पंचेचाळिशीच्या, साध्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवलेल्या. त्यांच्या वर्गात एक न ऐकू येणारा आणि एक चाकाच्या खुर्चीतला असे दोन विद्यार्थी आले, तेव्हा हेडबाईंनी त्यांना या कोर्सला धाडलं. बाई अभ्यासात ठीक, पण सरावात पार कच्च्या. पुढे झुकायला विसरायच्या. सरावखोलीत काकांनी चष्मा काढायला हात उचलला होता, आवाज नुकता दाटायला लागला होता, आणि बाईंनी मध्येच विचारलं होतं, "मुलगी आत्ता कुठे आहे?" हा प्रश्न यादीतच नव्हता. काकांचा सगळा सूर गेला. बाईंना त्या दिवशी पाचपैकी शून्य मिळाले.

आता काका स्वतःच जुनी फाईल घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. "हे घ्या. वय तेवढं बदला, दात घाला. उद्या बांधून देतो."

बाईंनी फाईल चाळली. "ही मुलगी कोण?"

"छोटीच."

"मग मी हिला भेटते."

"मी आहे ना. मला विचारा, मी घडाघडा सांगतो."

"तुम्ही सांगालच हो. तुमचं नंतर."

बाई दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आल्या. स्टुलावरच्या छोटीसमोर दुसरं स्टूल ओढून बसल्या.

"तुझं वय किती गं?"

"सतरा, आता अठरा होईल," काका मशीनमागून म्हणाले.

"दिवसभर काय करतेस?"

"कागद लावते. आवडतं तिला."

"तुला आवडतं?"

"फार आवडतं," काका म्हणाले.

बाईंनी वही मिटली आणि गेल्या. एक दिवस सोडून परत आल्या. पुन्हा तेच. वहीत बाईंनी लिहिलेलं काकांनी वरून वाचलं: 'दोन भेटी झाल्या. मुलगी अजून भेटलेली नाही.' काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांत असं कुणी लिहिलं नव्हतं! त्या रात्रीच्या जेवणाला त्यांनी छोटीच्या आईला सगळं रागारागाने ऐकवलं. तिने शांतपणे जेवण संपवलं आणि म्हणाली, "खोटं काय लिहिलंय त्यांनी?" छोटी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

तिसऱ्या भेटीला बाई स्वतःच्या टिपणांचा गठ्ठा घेऊन आल्या. प्रवेशाला चार दिवस राहिले होते. गठ्ठा त्यांनी काकांकडे न देता छोटीपुढे ठेवला. "मला हे बांधून हवंय. येतं तुला?"

"अहो, पंचला हात लावू देत नाही मी तिला, बोट जाईल—"

"काका," बाई म्हणाल्या, आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत. वर्गात मागच्या बाकावर गडबड झाली की वीस वर्षं त्या जसं नाव घ्यायच्या, तसंच घेतलं. काका जागच्या जागी थांबले.

छोटीने गठ्ठा आपटून सारखा केला. थोडी थोडी पानं पंचमध्ये घातली, दांडा खाली दाबला, वर सोडला. काळी स्पायरल फिरवत फिरवत घातली आणि टोकं पकडीने वळवली. बराच वेळ लागला. काकांनी त्या वेळात तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

बाईंनी बांधलेला गठ्ठा उघडून बघितला. "एक पान उलटं लागलंय."

"बाबांचं पण लागतं," छोटी म्हणाली.

बाई खो-खो हसल्या. काकांना हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. छोटीचं बोलणं फार दिवसांनी त्यांच्या कानावर पडलं होतं. तिचा आवाज असा जाडसर झालाय, हेही त्यांना आत्ताच कळलं.

"समोर कामाचा वर्ग निघालाय," बाई म्हणाल्या. "हेच काम. रोज सकाळी यायचं. तुला यायचंय?"

"यायचंय तर! तिला केव्हापासून—" काकांनी सुरुवात केली आणि बाईंचा हात वर झालेला बघून थांबले.

छोटी गप्प होती. सरावखोलीत आठ सेकंद, सोळा सेकंद, म्हणाल तितके सेकंद काका गप्प बसत. आता मुलीपुढे त्यांना तीनसुद्धा धरवेनात. नाही म्हणाली तर? जागा गेली, वय गेलं, सगळं गेलं. त्यांचे ओठ हलायला लागले. पण बाई आरामात बसून होत्या, बस यायला अजून वेळ आहे अशा.

"येणार," छोटी म्हणाली. मग बापाकडे न बघता म्हणाली, "बाबा नको."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"बाबा आला की बाबाच बोलतो."

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं, आणि मग त्या काकांकडे वळल्या. "काका, आता तुमचं. हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?"

हाच प्रश्न. वर्षाला चाळीसदा, अकरा वर्षं. याला काकांकडे खिडकी होती, चष्मा होता, दाटलेला गळा होता. त्यातलं आत्ता काहीएक हाताशी येईना. लाज वाटत होती, आणि मुलगी आपल्याविरुद्ध का होईना पण स्वतःचं बोलली म्हणून भलताच अभिमानही वाटत होता.

"माहीत नाही," काका म्हणाले.

बाईंनी तेही लिहिलं.

फाईल बघून मॅडम वैतागल्या. "अहो, चारच पानं? आणि पालकांच्या भागात 'माहीत नाही'? हे काय उत्तर झालं? तुमचे गुण जातील!"

"जाऊ देत," गणिताच्या बाई म्हणाल्या. "वय मात्र सतरा आहे. दाखला जोडलाय."

त्या विषयात बाई काठावर पास झाल्या. हेडक्लार्कनी बारावी फाईल गठ्ठ्यावर ठेवली, गठ्ठ्याकडे समाधानाने बघितलं आणि निकाल दिला, "सगळ्यात वरची ती खरी." अशा रीतीने छोटी एका दुपारी कायदेशीरपणे दहा वर्षांनी मोठी झाली, अठरा व्हायच्या दोन दिवस आधी. बारावी जागा तिला मिळाली.

वर्ग सुरू झाल्याला आठवडा झाला असेल. नव्या बॅचचा सराव होता म्हणून मॅडमचा निरोप आला आणि काका सवयीने दुकानाचं शटर ओढून समोर गेले. कामाचा वर्ग सरावखोलीच्या अगदी शेजारी भरतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जिना चढून वर पोचतात तो समोर छोटी, हातात कागदांचा गठ्ठा, सोबत तिच्याएवढीच एक मुलगी. दोघी कशावरून तरी हसत होत्या.

काकांना बघताच छोटीचं हसू गेलं. तिने गठ्ठा छातीशी घट्ट धरला.

"बाबा, तू इथे?"

काकांनी त्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर राग नव्हता. भीती होती, आपलं नुकतं मिळालेलं कुणीतरी काढून घेणार अशी. एवढं त्यांना कुठल्याही तक्त्याशिवाय वाचता आलं.

"नाही. चुकून आलो," ते म्हणाले. "जातोय."

सरावखोलीतून मॅडम बाहेर आल्या. "काका, चला ना, मुलं खोळंबलीत! पहिलाच विद्यार्थी इतका घाबरलाय..."

"मॅडम, मी आता नाही बसणार."

"अहो, मग आम्ही बोलायचं कुणाशी?"

काकांनी शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. "आत बारा जण बसलेत. त्यांच्याशी बोला की."

मॅडम गोंधळल्या. मग त्यांनी अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, "अहो, ते पुढच्या सत्राच्या अभ्यासक्रमात आहे."

काका जिना उतरले. मागे वळून बघावंसं फार वाटलं, पण बघितलं नाही. दुकान उघडून ते मशीनशी बसले. समोरच्या पहिल्या मजल्यावर आत्ता काय चाललंय, छोटी कुणाशी बोलतेय, काय बोलतेय, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळी तिला वाटलं तर ती सांगणार होती.